भाऊसाहेबांची चतुःसीमा

"तुमचं हाय म्हनता, तर कागद दाखवा."

हे वाक्य नारायणराव देवचक्के यांनी उभ्या आयुष्यात असंख्य लोकांना ऐकवलं होतं. स्वतः ऐकण्याची वेळ मात्र पहिलीच. आणि तेही कुणाच्या तोंडून, तर समोरच्या बंगल्यातल्या गोजरबाईंच्या. कशाबद्दल, तर एका मांजराबद्दल. आणि कुठे, तर भर रस्त्यात, दूधवाला, पेपरवाला आणि कचऱ्याच्या गाडीवरचं गाणं या सगळ्यांच्या साक्षीनं.

नारायणराव मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. नगर जिल्ह्यातला क्वचितच एखादा तालुका असेल, जिथे त्यांनी दोन सख्ख्या भावांच्या मधोमध उभं राहून साखळी ओढली नसेल. मोजणी संपली की दोघांपैकी एक भाऊ हमखास म्हणायचा, "सायब, कागद चुकलाय." त्यावर नारायणराव शांतपणे चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "कागद चुकत नसतो. तुमचा बांध चुकला असेल." या एका उत्तरावर त्यांची सगळी नोकरी निभावली आणि बऱ्याच लोकांची झोप उडाली.

आता मांजराविषयी. मांजर तसं साधंच होतं. पिवळा बोका, एक कान किंचित दुमडलेला, चेहऱ्यावर कायम अर्ज फेटाळल्याचा भाव. एका सकाळी तो कुंपणावरून आत आला आणि व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसलेल्या नारायणरावांच्या मांडीवर चढून झोपला. नारायणराव तेव्हा अग्रलेख वाचत होते. ते तो मोठ्यानं वाचू लागले. बोका उठून गेला नाही. निवृत्तीनंतर त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा हा पहिलाच जीव. बायकोला, म्हणजे सुचित्राबाईंना, अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात नेमका कुकर आठवायचा.

मग रोजचंच झालं. येण्याची वेळ निश्चित नाही, आल्यावर नुसतं बसून राहणार, हलवायला गेलं तर नाराजीनं बघणार, आणि तरी सगळं घर वाट बघत असणार. आपल्याकडे खेड्यापाड्यांत तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. नारायणरावांनी बोक्याचं नाव भाऊसाहेब ठेवलं. सरकारी नोकरीत हयात गेलेल्या माणसाला माया करायची झाली तरी शब्द खात्यातलेच सापडतात.

तर त्या सकाळी भाऊसाहेब आले नाहीत. नारायणरावांनी चहा थंड होऊ दिला. अग्रलेख मनातल्या मनात वाचला, तो काही समजला नाही. शेवटी ते फाटकापाशी गेले आणि पाहतात तो काय, समोरच्या भिंतीवर भाऊसाहेब बसलेले. गळ्यात लाल रिबीन, रिबिनीला घुंगरू, पुढ्यात वाटी.

"अहो बाई, हे आमचे भाऊसाहेब आहेत."

"कोन भाऊसाहेब?" गोजरबाईंनी पदर खोचला. त्या नि त्यांचे मालक आबासाहेब नुकतेच मिरजगावाहून राहायला आले होते. आबासाहेबांचा भुसार मालाचा व्यापार. "ह्यो आमचा वाघ्या हाय. मिरजगावातनं ट्रकात बसून आलाय आमच्यासंगं."

"तो रोज माझ्या मांडीवर बसतो!"

"बसत आसंल की. बसल्यानं जागा आपली व्हती व्हय?"

नारायणरावांच्या खात्याचं धोरणही हेच होतं. अतिक्रमण कितीही जुनं असलं तरी ते अतिक्रमणच. आणि मग गोजरबाईंनी ते वाक्य टाकलं. कागद दाखवा. कचऱ्याच्या गाडीवरचं गाणं त्याच क्षणी संपलं, त्यामुळे ते शेवटच्या बंगल्यापर्यंत ऐकू गेलं.

"अहो, मांजर आहे ते," सुचित्राबाई म्हणाल्या. "भूक लागली की येईल."

"प्रश्न मांजराचा नाही. मालकीचा आहे."

"मग मालकी आणा घरी आणि तिला दूध पाजा."

नारायणरावांनी जेवताना कायदेशीर बाजू मांडली. कुत्रं माणसाचं असतं आणि मांजर घराचं, असं आपल्यात म्हणतात की नाही? माणसं गेली तरी मांजर वास्तू सोडत नाही. म्हणजेच मांजर ही जमिनीला जडलेली वस्तू. म्हणजेच स्थावर मिळकत. ते ज्या घराला जडलं, त्या घराच्या मालकाचं.

"तुमची ती स्थावर मिळकत परवा माझं सायीचं पातेलं पालथं घालून गेली," असं म्हणून सुचित्राबाईंनी त्यांना ताक वाढलं.

शेजारी कानिफनाथ राहायचे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारून पुकारून त्यांचा आवाज असा झाला होता, की त्यांनी घरात मीठ मागितलं तरी दोन रिक्षावाले वळून बघत. त्यांची मुलगी दिशा हिचं लग्न तोंडावर आलेलं, घरात पाहुणे, दारात मांडववाले. पण दुसऱ्याच्या भानगडीत सल्ला द्यायला माणसाला वेळ काढावाच लागतो.

"साहेब, पास काढा!" कानिफनाथ गरजले. "कुत्र्याला असतो ना परवाना? पालिकेकडून घ्या, गळ्यात अडकवा, विषय संपला!"

कानिफनाथांच्या वरच्या मजल्यावर गाण्याचा क्लास घेणाऱ्या मधुवंतीताईंनी वेगळाच मुद्दा काढला. "काका, पण तो तर आमचा पिलू आहे. दुपारी आमच्याकडे असतो. भैरवीला हमखास येतो." नारायणरावांनी हा मुद्दा ऐकून न ऐकल्यासारखा केला, आणि पुढे जे घडलं त्याची सुरुवात इथेच झाली.

पुण्याहून मुलाचा, अनीशचा, फोन आला. "बाबा, त्याच्या कातडीखाली चिप बसवा. सगळी माहिती त्यात असते."

"आणि ती चिप वाचणार कोण?"

"मशीन असतं त्याचं."

"समोरच्या बाईंकडे आहे का ते मशीन?" नारायणरावांनी विचारलं आणि फोन सुचित्राबाईंकडे दिला.

शेवटी ते कचेरीत गेले. कोणत्या, ते सांगण्यात अर्थ नाही. सगळ्या कचेऱ्यांचा जिना एकच असतो. खिडकीत गोरक्ष नावाचे गृहस्थ बसले होते. निम्म्या फाइलींवर नगर आणि निम्म्यांवर अहिल्यानगर असे शिक्के होते, आणि त्या दोहोंच्या मध्ये त्यांचा डबा.

"मांजराचा परवाना नसतो, साहेब. फक्त श्वान."

"का नसतो?"

"रकाना नाही."

हे ऐकून नारायणरावांना चीड यायला हवी होती. पण त्यांना एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. ज्याला रकाना नाही ते अस्तित्वात नाही, हे तर त्यांनीच लोकांना आयुष्यभर समजावलेलं. नोकरीची सगळी वर्षं ते खिडकीच्या आतल्या बाजूला होते. बाहेरच्या बाजूला आलं की माणूस काय करतो, हे त्यांना पाहून ठाऊक होतं. त्यांनी अर्ज घेतला, बाकावर बसले आणि सुवाच्य अक्षरात भरला. प्राण्याचा प्रकार : श्वान. जात : देशी. रंग : पिवळा. नाव : भाऊसाहेब. स्वभाव : शांत, भुंकत नाही. यातलं एक सोडलं तर बाकी सगळं खरं होतं, आणि सरकारी कागदात एवढं खरं पुष्कळ झालं.

परवाना हातात आला तसे ते थेट समोरच्या फाटकावर गेले. आबासाहेब झोपाळ्यावर बसून फोनवर कुणाशी तरी तुरीच्या भावाचं बोलत होते. त्यांनी हातानंच "चालू द्या" अशी खूण केली. गोजरबाईंनी कागद उलटासुलटा पाहिला आणि चष्मा आणायला आत गेल्या. चष्मा लावून पुन्हा पाहिला.

"सायब, ह्यात तर कुत्रं लिव्हलंय."

"कागदावर कुत्रंच आहे," नारायणराव ताठ मानेनं म्हणाले.

"मंग झालं की!" गोजरबाईंनी कागद परत दिला. "कुत्रं तुमचं. मांजर माजं."

झोपाळ्यावर आबासाहेबांना ठसका लागला. तुरीचा भाव त्या दिवशी ठरला नाही.

माणसाचा अपमान झाला की तो देवळात जातो, नाहीतर वकिलाकडे. नारायणरावांचे जुने स्नेही गहिनीनाथ वकील जमिनीचे व्यवहार बघायचे. कोर्टाबाहेर लिंबाखाली टेबल, टेबलावर टाइपरायटरच्या जागी आता लॅपटॉप. पण त्यातला मसुदा मात्र टाइपरायटरच्या काळातलाच.

"नारायण, मांजरासाठी केस होत नाही रे," ते म्हणाले. "पण मालकी निर्वेध करून घ्यायची असेल तर एक रस्ता आहे. जमीन घेताना काय करतो आपण? जाहीर नोटीस. पेपरात द्यायची. मुदतीत कुणाची हरकत आली नाही, की मालमत्ता तुझी."

"आणि हरकत आली तर?"

"येतेय कशाला? मांजरासाठी कोण लिहीत बसतंय?"

यात चूक काय झाली ते शहाण्या वाचकाला कळलंच असेल. तोपर्यंत त्या मांजरावरून भांडणारी जगात एकच बाई होती. ज्या गोष्टीबद्दल कुणी भांडत नाही, तिच्याबद्दल "कोणाला भांडायचं आहे का?" असं पेपरात विचारायचं, ही रीत फक्त आपल्याकडेच आहे, आणि आपण तिला खबरदारी म्हणतो. नारायणरावांनी तर अशा नोटिशींनी पेटलेले चार-दोन बांध डोळ्यांनी पाहिलेले. पण स्वतःच्या प्रकरणात माणूस आपला अनुभव कधी वापरत नाही. तो दुसऱ्यांसाठी असतो.

गहिनीनाथांनी नेहमीचा मसुदा उघडला आणि रिकाम्या जागा भरल्या. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात पान पाचवर, बोअरवेलच्या जाहिरातीखाली, हे छापून आलं :

"तमाम लोकांस कळविण्यात येते की, खाली वर्णन केलेली मिळकत, एक पिवळा बोका, नाव भाऊसाहेब, ही आमचे अशील श्री. नारायण देवचक्के यांचे मालकीची व कबजेवहिवाटीची आहे. तिची चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस मिशा, पश्चिमेस शेपूट, दक्षिणोत्तर पाय. (मिळकत बसलेल्या स्थितीत.) सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध, गहाण, दान, बोजा वा पोटगीचा अधिकार असल्यास मुदतीत कळवावे. नंतर कोणाची तक्रार चालणार नाही."

मसुद्यात चतुःसीमेची जागा रिकामी ठेवता येत नाही, असं गहिनीनाथांचं म्हणणं होतं. "मिळकत उठून उभी राहिली तर?" असं नारायणरावांनी विचारलं होतं. त्यावर ते म्हणाले, "मग शुद्धिपत्रक काढू."

सकाळपासून फोन. पहिला राहुरीच्या एका एजंटाचा. त्यानं नुसतं "पूर्वेस, पश्चिमेस" एवढंच वाचलं होतं; प्लॉट कॉर्नरचा आहे का, रोड टच आहे का, असं विचारत होता. नारायणराव म्हणाले, मांजर आहे. तो म्हणाला, चालेल, पण एनए आहे का? दुपारी सुचित्राबाईंच्या भिशीतल्या मैत्रिणींचे फोन सुरू झाले. त्यांनी पोटगीचा अधिकार तेवढा नेमका वाचलेला.

संध्याकाळी हरकती प्रत्यक्ष चालत आल्या. मधुवंतीताई आल्या : पिलू दुपारभर त्यांच्याकडे असतो. कानिफनाथ आले : बोका रोज रात्री त्यांच्या स्कूटरच्या सीटवर झोपतो, सीटला तसा खड्डा पडलाय, खड्डा बघायला या. पलीकडच्या गल्लीतले एक अनोळखी गृहस्थ आले आणि आपलं मांजर हरवलेलं आहे असं म्हणाले, त्यांचं मांजर काळं होतं, पण "नोटीस दिसली म्हणून आलो."

एखादा माणूस हादरला असता. नारायणरावांच्या मात्र अंगात निवृत्तीपूर्वीचं वारं संचारलं. हरकती आल्या, म्हणजे सुनावणी घ्यावी लागणार! सर्व संबंधितांनी शनिवारी चार वाजता व्हरांड्यात हजर राहावं, असं त्यांनी सगळ्यांना तोंडी बजावलं. स्वतः पक्षकार असल्यामुळे स्वतःच निकाल देणं बरं दिसलं नसतं, म्हणून पंच कानिफनाथ. तेही पक्षकारच होते, पण त्यांचा आवाज मोठा होता.

शनिवारपर्यंत भाऊसाहेब वाटेल तिथे जात-येत राहिले. फक्त सकाळी मांडीवर येत नव्हते, कारण गोजरबाई नेमक्या त्याच वेळेला सुक्या बोंबलाची वाटी ठेवत. देवचक्क्यांच्या घरात लसूणदेखील जपून आत येई. बोंबलाशी स्पर्धा शक्य नव्हती. नारायणराव रोज सकाळी खुर्चीत बसत, मांडी नीट जुळवून ठेवत आणि पेपर मिटूनच ठेवत. सुचित्राबाईंनी हे स्वयंपाकघरातून पाहिलं. एक दिवस तर त्या स्वतः बाहेर येऊन म्हणाल्या, "वाचा अग्रलेख. ऐकते मी." नारायणराव म्हणाले, "नको. आज फारसा चांगला नाहीये." त्या क्षणी सुचित्राबाईंच्या लक्षात आलं, की प्रकरण मालकीचं नाही.

शनिवार उजाडला. व्हरांड्यात खुर्च्या, मधोमध स्टूल, स्टुलावर परवाना, नोटिशीचं कात्रण आणि पाण्याचा तांब्या. कानिफनाथ मांडववाल्यांना सोडून आले होते, कारण लग्न सोमवारी होतं आणि सुनावणी आज.

"शांतता!" ते गरजले. तेव्हा कुणीच बोलत नव्हतं.

गोजरबाईंनी बाजू मांडली. "म्या त्याला इवलासा आसल्यापासनं वाढीवलाय. आमच्या मिरजगावच्या घरी भाताच्या कोठीवर बसायचा. कान बी तसाच दुमडल्याला. रक्ताचं नसलं तरी लेकरूच की वो ते!"

"मी त्याच्याशिवाय रियाज करत नाही," मधुवंतीताई म्हणाल्या.

"कबजा!" नारायणराव उठले. "कबजा कुणाचा, हा मुद्दा आहे. सकाळचा कबजा..."

"बोंबलाच्या वाटीपर्यंत," गोजरबाईंनी वाक्य पुरं केलं.

आणि तेवढ्यात खुद्द मिळकत भिंतीवरून उडी मारून व्हरांड्यात आली.

भाऊसाहेबांचं तोंड निळं होतं. मिशा निळ्या, हनुवटी निळी, पुढचे दोन्ही पाय निळे. ते सावकाश व्हरांड्याच्या मधोमध आले आणि जीभ काढून ओठ चाटू लागले. जीभही निळी.

"अगं बया!" गोजरबाईंनी झेप घेतली. "माजं लेकरू निळं पडलं! कुनी घातलं गं इख माज्या सोन्याला?"

"पिलू!" मधुवंतीताईंनी शेपटाकडून धरलं. "काका, डॉक्टरला फोन करा! माझा पिलू!"

"सोडा! तुम्ही नका ओढू, माझा आहे तो!" नारायणराव.

"आमच्या स्कूटरवर..." कानिफनाथ.

त्या गदारोळात फाटक वाजलं. फाटकात कानिफनाथांची थोरली बहीण राहीआत्या उभी होती. हातात मोठा डाव, कपाळावर घाम, आणि मागे रडवेली दिशा.

राहीआत्या पुणतांब्याच्या. रुखवत मांडण्यात त्यांचा हात पंचक्रोशीत कुणी धरत नव्हतं. दिशाच्या रुखवतात त्यांनी अख्खं आदर्श गाव उभं केलं होतं : शेवेची शेतं, बुंदीची माती, करंज्यांचे डोंगर, चिरोट्यांची घरं, आणि गावाच्या वर, हिवरे बाजार बघून आल्यापासून त्यांच्या मनात असलेला पाझर तलाव. तलावात पाणी चांगलं दिसत नाही म्हणून आटवलेलं दूध, आणि दूध पाण्यासारखं दिसावं म्हणून त्यात खायचा निळा रंग. सोमवारी व्याह्यांना दाखवायचं, म्हणून आज फोटोपुरता तो काठोकाठ भरला होता.

"पाझर तलाव कोरडा पडला," राहीआत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, आणि म्हणूनच भीतिदायक. "बंधारा फुटला. गावातनं चालत गेलंय ते. शाळेवर बसलंय. शेवेच्या शेतात लोळलंय." मग त्यांनी डाव वर केला. "ह्या मांजराचा मालक कोन?"

व्हरांड्यात एवढी शांतता कानिफनाथांच्या "शांतता!"नंही झाली नव्हती.

सर्वांत आधी मधुवंतीताईंच्या हातातून शेपूट सुटलं. "म्हणजे, मी आपलं कधीतरी दूध घालायचे," त्या म्हणाल्या. "कधीतरी म्हणजे, एकदा."

गोजरबाईंनी बोक्याला हळूच खाली ठेवलं आणि पदरावरचे निळे डाग बघितले. "आमच्या वाघ्याचं तोंड पिवळं हुतं. ह्याचं तर निळं हाय. ह्यो आमचा न्हाई."

पलीकडच्या गल्लीतले अनोळखी गृहस्थ म्हणाले, "माझं काळं होतं," आणि निघून गेले. कानिफनाथांनी तर बाजूच बदलली. ते आता वधूपिता होते.

सुचित्राबाईंनी नारायणरावांच्या सदऱ्याचं टोक ओढलं. "गप्प बसा," त्या कुजबुजल्या. "कुणाची हरकत राहिली नाही. मिळालं तुम्हाला मांजर. उद्या घेऊन या."

त्यांचं म्हणणं कायद्यानं बरोबर होतं. नारायणरावांनी स्टुलावरच्या नोटिशीकडे पाहिलं. हक्क, हितसंबंध, गहाण, दान, बोजा. लोक जमिनीवर हक्क सांगायला येतात तेव्हा धावत येतात, हे त्यांनी पाहिलेलं. त्याच जमिनीवरचा बोजा वाचून दाखवला, की तीच माणसं विहिरीत डोकावू लागतात, हेही पाहिलेलं. "साहेब, बोजा माझा आहे, माझ्या नावावर लिहा," असं म्हणणारा माणूस मात्र सबंध नोकरीत भेटला नव्हता.

भाऊसाहेब व्हरांड्यात एकटेच उभे होते. त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, नेहमीच्याच तिरस्कारानं. मग वेताच्या खुर्चीपाशी आले आणि, बसायला मांडी नाही म्हणून, तिथेच थांबले.

"माझा आहे," नारायणराव म्हणाले.

"अहो!" सुचित्राबाई.

"माझा आहे तो," नारायणराव खुर्चीत बसत म्हणाले. भाऊसाहेब लगेच वर चढले, आणि पांढऱ्या शुभ्र लेंग्यावर दोन निळे ठसे उमटले. "काय नुकसान झालं असेल ते मी भरून देतो."

"भरून काय देता?" राहीआत्यांनी डाव खाली घेतला. "गाव मांडून द्या!"

आणि म्हणून रविवारचा सगळा दिवस, निवृत्त मोजणी अधिकारी नारायण देवचक्के कानिफनाथांच्या बैठकीत मांडी घालून आदर्श गाव वसवत होते. सुचित्राबाई चिरोटे तळत होत्या. एरवी त्यांनी कपाळाला हात लावला असता. मधूनमधून फक्त नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत आणि हसू दाबत. नारायणरावांनी घरून दोरी आणि पट्टी आणली होती. प्रत्येक शेवेच्या शेताला त्यांनी बांध घातला, बांधावरून बैलगाडीला वाट ठेवली, देवळापुढे मोकळी जागा सोडली आणि गावठाणाची हद्द जिऱ्यानं आखली.

"दादा, गाव मांडायचंय," राहीआत्या म्हणाल्या, "भांडन न्हाई!"

"बांध नीट असला तर भांडण होत नाही."

"आजवर किती गावांत थांबलं?"

नारायणरावांनी जिऱ्याची एक ओळ पुसून पुन्हा आखली.

दुपारी दार ढकलून गोजरबाई आल्या. हातात पिठीसाखरेचा डबा. कुणाकडे न बघता त्या खाली बसल्या आणि करंज्यांचा डोंगर रचायला लागल्या. डोंगर निम्मा उभा राहिला.

"सायब," त्या शेवटी म्हणाल्या, "येक सांगू का? वाघ्या ट्रकात चढलाच न्हाई. आमी लई बोलीवलं. ह्यांनी बोंबील दावला. तर दारातच बसून ऱ्हायला. रिकाम्या घरात. मांजर घराचं असतंय ना, ते काय मानसामागं येतंय?" त्यांनी एक करंजी उगीचच सरळ केली. "हितं आल्यावर तुमचं दिसलं. कान बी तसाच. मंग म्हनलं, ह्योच आसंल. मागनं चालत आला आसंल."

नारायणरावांच्या मनात खूप काही आलं. मिरजगाव ते नगर अंतर, स्थावर मिळकतीची व्याख्या, कबज्याचा कायदा. त्यातलं त्यांनी काहीच काढलं नाही. पट्टी बाजूला ठेवून ते म्हणाले, "बोंबील कुठनं आणता तुम्ही? त्याला आवडतो."

रुखवत सोमवारी वाखाणलं गेलं. वराकडचे एक काका महसुलात सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, होते, ते बंधाऱ्यापाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "असं गाव प्रत्यक्षात बघितलं नाही. एकही बांध वाकडा नाही." तलावाकाठी राहीआत्यांनी बेसनाच्या वडीचं एक पिवळं मांजर बसवलं होतं. बसलेल्या स्थितीत.

लग्नाचा मांडव उतरला त्या आठवड्यात एका सकाळी फाटकाशी मोटारसायकल थांबली. खिडकीतले गोरक्ष होते. खांद्यावर पिशवी, बरोबर लस टोचणारा माणूस.

"देवचक्के ना? परवानाधारक श्वानांची तपासणी चालू आहे. कुत्रं कुठंय?"

नारायणराव खुर्चीत बसले होते. मांडी रिकामी होती, पण या वेळी त्याची काळजी नव्हती. अग्रलेख वाचून होईपर्यंत भाऊसाहेब मांडीवर होते, आणि नंतर रिवाजाप्रमाणे जेवायला गेले होते. नारायणराव परवाना आणायला उठले. अंगवळणी पडलेली सगळी उत्तरं तयार होती. शांत आहे, भुंकत नाही, आत्ता फिरायला नेलंय.

तेवढ्यात समोरच्या भिंतीवरून हाक आली.

"दादा!" गोजरबाई ओरडल्या. "तुमचं मांजर जेवतंय हां आमच्याकडं! काळजी करू नगा!"

गोरक्षांनी भिंतीकडे पाहिलं. पिवळ्या बोक्याकडे पाहिलं. मग हातातल्या परवान्याच्या प्रतीकडे पाहिलं.

"साहेब, ते तर मांजर आहे."

"हो," नारायणराव म्हणाले. "माझं आहे."

"पण कागदावर कुत्रं आहे."

नारायणरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं सावकाश पुसला आणि पुन्हा लावला. कोपरगावपासून जामखेडपर्यंतच्या बांधांवर, उन्हात, पागोटं हातात घेऊन उभी असलेली सगळी माणसं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असावीत. कारण त्यांनी हात जोडले, आणि अगदी त्यांच्यासारख्याच आवाजात ते म्हणाले,

"साहेब, कागद चुकलाय."